नोकरी, घरचा फराळाचा धंदा आणि आपली तब्येत : वहीत आपला तास कुठे लिहायचा?

भाजणीवाली

नाशिकला एका कारखान्याच्या हिशेब विभागात मी सतरा वर्षे नोकरी करते आहे आणि त्यांपैकी गेली आठ वर्षे घरून चकली, शेव, चिवडा आणि भाजणी विकते आहे. शेजारच्या दोन घरांसाठी केलेल्या दिवाळीच्या फराळापासून सुरुवात झाली. आता वर्षभर मागणी असते आणि दिवाळीच्या आधीचे पाच आठवडे तर घराचे गोदाम होते. घरात नवरा, दहावीतली मुलगी आणि गुडघे दुखत असूनही निवडण्या-टिपण्याचे काम सोडायला तयार नसलेल्या सासूबाई आहेत. नोकरी सोडण्याचा विचार नाही, कारण घराचा हप्ता पगारातून जातो. धंदा सोडण्याचाही नाही, कारण तो माझा आहे.

हा धागा काढण्याचे कारण दोन वर्षांपूर्वीच्या वसुबारसेच्या आदल्या रात्री घडले. रात्री साडेबारा वाजता चकलीचा शेवटचा घाणा कढईत असताना मला चक्कर आली. ओटा धरला म्हणून पडले नाही, पण झाऱ्यातले तेल मनगटावर सांडले. सकाळी पट्टी बांधून कामावर गेले, कारण महिनाअखेर होती. तोवर या विषयावर जे जे वाचनात आले ते सगळे मी करून पाहिले होते : पहाटे पाचला उठणे, रविवारी आठवड्याची भाजी चिरून ठेवणे, कामांची रंगीत यादी करणे, दहा मिनिटे डोळे मिटून बसणे. त्यातल्या कशाचाच उपयोग झाला नाही असे मी म्हणणार नाही. मात्र प्रत्येक उपायाने जो वेळ वाचला त्यात मी आणखी एक ऑर्डर घेऊन टाकली होती, हे त्या दिवाळीनंतर वही लिहायला बसले तेव्हा ध्यानात आले.

मी पोटापाण्यासाठी दुसऱ्यांचे हिशेब लिहिते, आणि माझ्या स्वतःच्या वहीत तोवर एक खर्च कधीही लिहिलेला नव्हता. तो म्हणजे माझे तास. मग मी पाच किलो चकलीचा हिशेब नव्याने मांडला. भाजणीचे धान्य, तेल, तीळ-तिखट, गॅस आणि पिशवी धरून किलोला १८० रुपये खर्च येत होता आणि मी ४२० रुपयांना विकत होते; म्हणजे किलोमागे २४० आणि पाच किलोंमागे १२०० रुपये सुटत होते. आजवर मी या १२०० रुपयांना नफा म्हणत आले होते. पण धान्य धुऊन वाळवणे, भाजणे, गिरणीत जाणे, उकड काढून मळणे, सोऱ्याने पाडणे, तळणे, गार करून भरणे आणि ओटा घासणे यांना साडेनऊ तास लागत होते, आणि निरोप, फोन, पत्ता विचारणे व माल घरपोच करणे यांत आणखी अडीच. बारा तासांचे १२०० रुपये, म्हणजे तासाला १०० रुपये. त्या वेळी माझा पगार ३९,००० होता. महिन्याचे २६ दिवस आणि दिवसाचे आठ तास धरले तर तासाला सुमारे १८७ रुपये होतात. म्हणजे रात्री बारा वाजता, आठ तासांची नोकरी उरकून आल्यावर, मी माझा तास दिवसाच्या जवळजवळ निम्म्या भावाने विकत होते.

गंमत पुढे आहे. त्याच कागदावर चकलीच्या भाजणीचा, म्हणजे नुसत्या पिठाचा, हिशेब मांडला. किलोला खर्च १२५, विक्री २२०, सुटतात ९५. गिऱ्हाइकांना वाटते हा किरकोळ माल आहे आणि मलाही तसेच वाटत होते. परंतु दहा किलोंना भाजणे तीन तास, गिरणी एक तास आणि चाळून भरणे दीड तास असे साडेपाच तासच लागतात, आणि ९५० रुपये सुटतात. तासाला सुमारे १७२ रुपये झाले. ज्या मालाला मी ‘सोबत घ्या हवी तर’ असे म्हणत होते तो मला पोसत होता आणि ज्या चकलीचे कौतुक होत होते ती मला खात होती.

त्या वर्षापासून मी काही गोष्टी बदलल्या. धंद्याला आठवड्याचे बारा तास ठरवून दिले आणि ऑर्डर किलोंवर न मोजता तासांवर मोजू लागले. बारा तास भरले की यादी बंद होते, मग विचारणारी व्यक्ती नणंद असली तरी. (पहिल्या वर्षी नणंदेचाच फोन आला होता. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.) चकलीचा भाव ५२० केला आणि पाडायला व तळायला एका ताईंना तासाला १०० रुपये देऊन बोलावू लागले. पाच किलोंना त्यांचे सहा तास जातात, त्यांचे ६०० रुपये वजा केले तरी माझ्या सहा तासांना ११०० रुपये उरतात. तासाला १८३! जुन्या गिऱ्हाइकांपैकी साधारण तिसरा हिस्सा गेला. पहिल्या महिन्यात त्याचे वाईट वाटले, दुसऱ्या महिन्यात झोप पूर्ण होऊ लागली आणि वाईट वाटायचे राहून गेले.

रात्री नऊनंतर धंद्याचा फोन बंद असतो. गुरुवारी संध्याकाळी मी आणि लेक गोदापार्कला चालायला जातो, आणि त्या वेळी दहावीचा विषय काढायचा नाही असा तिचा नियम आहे. एवढे करूनही थकवा पूर्ण गेलेला नाही, म्हणून येथे विचारते आहे. तुमच्यापैकी नोकरी आणि धंदा दोन्ही सांभाळणाऱ्या किंवा दोन्हींपैकी एकातच बुडून गेलेल्या बायका स्वतःचा तास कसा मोजतात? आणि काय काय सोडून देतात?

खतावणी

मी पुण्यात कर सल्लागार म्हणून काम करते आणि माझ्याकडे येणाऱ्या घरगुती उद्योजिकांपैकी बहुतेकींच्या वहीत हाच रकाना रिकामा असतो, म्हणून हा धागा दोनदा वाचला. तुमच्या हिशेबात एकच दुरुस्ती सुचवते. नोकरीतला तास १८७ रुपयांचा नाही, त्याहून महाग आहे, कारण त्यात भविष्यनिर्वाह निधीतला मालकाचा हिस्सा, भरपगारी रजा आणि उपदान (ग्रॅच्युइटी) हेही येते. तुमच्या चकलीला आजारपणाची रजा नाही. तेव्हा धंद्याच्या तासाचा भाव पगाराच्या तासापेक्षा निदान पाव हिश्शाने जास्त धरावा, असे मी माझ्या अशिलांना सांगते. तो लगेच मिळत नाही, पण कुठे जायचे आहे ते कळते.

दुसरे म्हणजे धंद्याचे बँक खाते वेगळे ठेवा आणि महिन्यातून एकदा त्या खात्यातून स्वतःच्या खात्यात ठरलेली रक्कम ‘मजुरी’ म्हणून वळती करा. कायद्याच्या दृष्टीने एकल मालकीत मालकिणीची मजुरी हा खर्च धरला जात नाही, हे मला ठाऊक आहे. ही वळवणी कर वाचवण्यासाठी नाही. ज्या महिन्यात ती रक्कम खात्यात शिल्लकच नसते, त्या महिन्यात आपण फुकट राबलो हे डोळ्यांना दिसते, त्यासाठी ती आहे.

कागदपत्रांचेही थोडे सांगते, कारण रात्रीची निम्मी काळजी त्यांचीच असते. सर्वांत आधी नेमणुकीचे पत्र काढून वाचा. अनेक खासगी कंपन्यांच्या पत्रात परवानगीशिवाय दुसरा व्यवसाय करू नये असे कलम असते. राज्य सरकारी नोकरीत असाल तर १९७९ च्या महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियमांनुसार पूर्वपरवानगीशिवाय खासगी व्यापार करता येत नाही, आणि ‘घरगुतीच आहे हो’ ही सबब तेथे चालत नाही. घरून खाद्यपदार्थ विकणाऱ्यांना अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणी लागते. तिचा १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापायचा असतो. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारदरबारी करायची नोंद, १ जुलै २०२० पासून सुरू झाली, ती सरकारी संकेतस्थळावर पूर्णपणे मोफत आहे. त्यासाठी पैसे मागणाऱ्या ठिकाणाहून बाहेर पडा. वस्तू व सेवा कराची नोंदणी राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्यांना वर्षाची उलाढाल ४० लाखांपलीकडे गेल्यावर लागते, पण करपात्र माल परराज्यात विकायचा झाला तर ही मर्यादा उपयोगी पडत नाही, म्हणून बेंगळुरूच्या मैत्रिणीला पाठवण्याआधी एकदा विचारून घ्या. उलाढाल लहान असेल तर प्राप्तिकरात अनुमानित उत्पन्नाची सोय आहे : बँकेमार्फत आलेल्या विक्रीच्या ६ टक्के आणि रोखीच्या विक्रीच्या ८ टक्के नफा धरून विवरणपत्र भरता येते. त्याहून अधिक नफा झाला असेल तर अर्थात तो दाखवावा.

उंबरठा

धागाकर्तीचे गणित मला आवडले आणि तरी ते अपुरे वाटले. तुम्ही नोकरीचा तास मोजला, धंद्याचा तास मोजला. पोळ्यांचा तास कुठे आहे? डबे, दूध तापवणे, गॅसची नोंदणी, सासूबाईंच्या गुडघ्याच्या गोळ्या, मुलीच्या शाळेतली पालकसभा हे सगळे तुमच्या वहीच्या बाहेरच राहिले आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळवापराची पाहणी केली होती. घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात जात होती आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७. शिवाय ही सरासरी फक्त घरकामात हात घालणाऱ्यांची आहे. त्यात मुळीच हात न घालणारे बहुसंख्य पुरुष तर तिच्यात धरलेलेच नाहीत. अशा परिस्थितीत बाईने सवयी सुधाराव्यात, वेळेचे नियोजन करावे, मन शांत ठेवावे हे सगळे सल्ले मला गळक्या माठाखाली भांडे बदलत राहण्यासारखे वाटतात.

आणखी एक प्रश्न आहे, आणि तो टोचण्यासाठी विचारत नाही. तासाला १०० रुपये घेऊन ज्या ताई तुमच्याकडे चकली पाडतात, त्यांच्या त्या सहा तासांत त्यांच्या घरच्या पोळ्या कोण करते?

भाजणीवाली

उंबरठाताई, तुमचा प्रतिसाद वाचून मी दोन दिवस गप्प राहिले. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी त्या ताईंनाच विचारले. त्या पहाटे साडेचारला उठून करून येतात. म्हणजे मी माझ्या पहाटेतून जी कटकट काढली ती त्यांच्या पहाटेत गेली. यावर माझ्याकडे नीट उत्तर नाही. त्यांना सकाळी नऊऐवजी अकराला यायला सांगितले आहे आणि तासाचा दर १२५ केला आहे. पुन्हा हिशेब केला तर माझा तास १५८ वर आला, तो तसाच राहू देणार आहे.

पहिल्या प्रश्नाने मात्र घरात वादळ झाले. मी एक आठवडा फ्रिजवर कागद लावला आणि घरकाम करणाऱ्याने आपापले तास त्यावर लिहावेत असे सांगितले. आठवड्याअखेर माझे ३१ तास भरले, सासूबाईंचे ११, नवऱ्याचे ६ आणि लेकीचे ३. नवऱ्याचे म्हणणे होते की गाडी धुण्याचे आणि बिले भरण्याचेही धरायला हवे. धरले, सहाचे साडेसात झाले. मग त्याने कागदाकडे बराच वेळ पाहिले आणि तो फिरायला निघून गेला. भांडण झाले असते तर बरे वाटले असते. ७२ वर्षांच्या, गुडघे दुखणाऱ्या बाईचे तास त्याच्या तासांपेक्षा जास्त आहेत ही गोष्ट त्याला माझ्या ३१ तासांपेक्षा अधिक लागली असावी, असा माझा अंदाज आहे.

दळणाची_पिशवी

या धाग्यावर लिहिणारा मी बहुधा पहिलाच पुरुष आहे. माझी पत्नी औषधांच्या कंपनीत नोकरी करते आणि शनिवार-रविवार चित्रकलेचे वर्ग घेते. बरीच वर्षे मी तिला ‘मदत’ करत होतो आणि त्याचा मला अभिमानही होता. ती सांगायची, मी आणायचो. एकदा ती पंधरा दिवस माहेरी गेली तेव्हा मला कळले की मी फक्त हमाली करत होतो. गव्हाचा डबा कधी तळाला जातो, ज्वारी कुठल्या दुकानातून आणायची, गिरणी कुठल्या वारी बंद असते, नाचणीवर गहू दळू नये हे गिरणीवाल्याला सांगावे लागते, यांतले काहीही माझ्या डोक्यात नव्हते. काम माझे होते, आठवण तिची होती.

त्यानंतर आम्ही कामे अर्धी-अर्धी वाटण्याचा नाद सोडला आणि अख्खी कामे वाटून घेतली. दळण आणि किराणा संपूर्ण माझ्याकडे आहे. संपूर्ण म्हणजे विसरलो तर त्या दिवशी घरात भात होतो आणि त्याबद्दल तिने मला आठवण करून द्यायची नाही. पहिल्या दोन महिन्यांत चार वेळा भात झाला. धागाकर्तीच्या यजमानांना माझ्यातर्फे एवढेच सांगा की कागदावरचे तास वाढवायला कढईपाशी उभे राहायची गरज नाही. एक पिशवी पूर्णपणे आपली म्हणून उचलावी.

सात_अठ्ठावीस

विरारहून चर्चगेटला रोज जाते, म्हणून आमच्या तासाचे दोन शब्द. लोकलमध्ये मटार सोलणाऱ्या, मेथी निवडणाऱ्या बायकांचे फोटो दर वर्षी कौतुकाने छापले जातात. महिलांसाठीची पहिली स्वतंत्र लोकल ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली धावली, तेव्हापासून तो डबा आमचे स्वयंपाकघर, भिशीचे ऑफिस आणि साड्यांचे दुकान झाला आहे. मीही सहा वर्षे डब्यात इमिटेशनचे दागिने विकले. पैसे बरे सुटत होते. पण प्रवासाचा तास हा ‘रिकामा’ तास आहे या समजुतीने मी दिवसातला एकमेव बसायचा वेळ विकून टाकला होता. आता जागा मिळाली तर झोपते. उभी असले तर खिडकीबाहेर बघते. दागिन्यांची पेटी भाचीला दिली.

काजबटण

माझी गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण मला नोकरी नाही. इचलकरंजीत ब्लाऊज आणि ड्रेस शिवण्याचे माझे दुकान आहे आणि हाताखाली तीन मुली आहेत. नोकरी करणाऱ्या बाईला निदान सुटण्याची वेळ असते. दुकानावर राहायला घर असलेल्या बाईला तीही नसते. लग्नसराईत रात्री अकरालाही कोणीतरी खालून हाक मारते आणि ‘फक्त हुक लावून द्या’ म्हणते.

दोन सवयींनी मला वाचवले. पहिली म्हणजे ‘उद्या मिळेल’ हे वाक्य बंद केले. कापड हातात घेतानाच वहीत मापाशेजारी तारीख लिहायची, ती आठवड्याला जितके ब्लाऊज खरोखर निघतात त्यावरून लिहायची, आणि निम्मे पैसे आगाऊ घ्यायचे. आगाऊ पैसे घेतल्यापासून घाई करणाऱ्यांची संख्या घटली, हे कोडे मला अजून सुटलेले नाही. दुसरी सवय सोमवारची. सोमवारी दुकान बंद आणि खालचा दिवाही बंद, कारण दिवा दिसला की लोक येतात.

उंबरठाताईंच्या म्हणण्याला मात्र माझी थोडी हरकत आहे. घर बदलेपर्यंत बाईने हातावर हात ठेवून बसायचे का? मला वाटते, कामच घराच्या बेताने कापून घेण्याची कला आपल्याकडच्या बायकांना पूर्वीपासून अवगत होती. १९५९ च्या १५ मार्चला गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्याचा पुढे लिज्जत पापड झाला. त्या संस्थेची रीत पाहा : सकाळी केंद्रावरून मळलेले पीठ घ्यायचे, घरी आपल्या सवडीने लाटायचे, वाळवायचे, दुसऱ्या दिवशी पापड देऊन लाटणावळ घ्यायची आणि नवे पीठ न्यायचे. मळणे, भरणे, विकणे, वसुली हे लाटणारीच्या डोक्यावर नाही. धागाकर्तीच्या बारा तासांतले निरोपांचे आणि घरपोच करण्याचे ते अडीच तास तिथे लाटणारीला जातच नाहीत. किंवा साताऱ्याच्या माण तालुक्यातले म्हसवड घ्या. तिथे १९९७ मध्ये चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. बँकेत पैसे भरायला जायचे म्हणजे बाईची दिवसाची मजुरी बुडते, म्हणून बँकेची माणसे बायकांच्या दारात आणि बाजारात जाऊन बचत गोळा करू लागली. बाईने बँकेच्या वेळेशी जुळवून घेण्याऐवजी बँकेने बाईच्या वेळेशी जुळवून घेतले. आपण एकेकट्या राबणाऱ्या बायका सगळे टप्पे स्वतःच करतो आणि मग थकतो. धागाकर्तीने नाशिकमधल्या अशाच दोघी-तिघींबरोबर मिळून एकच घरपोच करणारा मुलगा ठेवला तर?

उंबरठा

हातावर हात ठेवून बसा असे मी म्हटलेले नाही, काजबटणताई, पण तुमचे म्हसवडचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. तिथे सवय बाईने नाही, बँकेने बदलली.

नाडी

मी फॅमिली डॉक्टर आहे आणि एवढ्या चर्चेत एका वाक्याकडे कोणीच पाहिले नाही याचे आश्चर्य वाटते : रात्री साडेबाराला चक्कर आली, आणि तास कमी करूनही ‘थकवा पूर्ण गेलेला नाही’. धागाकर्तीने तास मोजले, रुपये मोजले, हिमोग्लोबिन मोजले का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षय असलेल्या आढळल्या. म्हणजे निम्म्याहून अधिक. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय समजावा. दम लागणे, धडधडणे, चिडचिड, केस गळणे, बर्फ किंवा माती खावीशी वाटणे ही त्याची लक्षणे आहेत. माझ्याकडे येणाऱ्या बायका ती ‘हल्ली माझे व्यवस्थापन चुकतेय’ अशा शब्दांत सांगतात आणि मला रक्ततपासणीचा कागद लिहावा लागतो.

एक साधी गोष्ट आजपासून करता येईल. जेवणाबरोबर किंवा जेवल्याबरोबर लगेच चहा घेऊ नका. चहातल्या द्रव्यांमुळे अन्नातले लोह नीट शोषले जात नाही. निदान तासाभराचे अंतर ठेवा आणि जेवणात लिंबू, आवळा, पेरू असे काही घ्या, त्याने लोह शोषले जायला मदत होते. डबा खाऊन लगेच मैत्रिणींबरोबर चहाला जाण्याची पद्धत ऑफिसांत सर्वत्र आहे, त्यामुळे हा सल्ला कोणालाच आवडत नाही. लोहाच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने सुरू करू नका. पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, थायरॉइड कसे आहे, शाकाहारी असाल तर ब१२ किती आहे, हे पाहिल्याशिवाय नुसती गोळी गिळण्यात अर्थ नाही. पंचेचाळिशीच्या आसपास पाळीचे चक्र बदलू लागते आणि त्याबरोबर झोपही बिघडते. त्याही दिवसांत बायका स्वतःच्या ‘शिस्तीला’ दोष देताना दिसतात. शेवटचे म्हणजे भाजलेले मनगट. गरम तेल सांडले तर वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. हळद, टूथपेस्ट, बर्फ यांतले काहीही लावू नका.

अंगाई

माझा प्रश्न या सगळ्याच्या बराच आधीचा आहे. मला पाचवा महिना चालू आहे, छत्रपती संभाजीनगरमध्ये एका खासगी कंपनीत नोकरी करते आणि सोबत केकच्या ऑर्डरी घेते. वरिष्ठांनी तोंडी तीन महिन्यांची रजा मिळेल असे सांगितले आहे. बाळ तीन महिन्यांचे असताना रुजू झाले तर केक सोडावे लागतील, हे या धाग्यावरचे हिशेब वाचून दिसू लागले आहे. रजा वाढवून मागता येते का?

खतावणी

अंगाईताई, अभिनंदन. वाढवून मागायची नाही, जेवढी आहे तेवढी मागायची. २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी प्रसूती रजा २६ आठवड्यांची आहे. त्यांतले जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीच्या आधी घेता येतात. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत तुम्ही त्या ठिकाणी निदान ८० दिवस काम केलेले असावे लागते. तीन महिने, म्हणजे १२ आठवडे, ही पूर्वीची मर्यादा होती आणि आता ती दोन किंवा अधिक मुले असलेल्या स्त्रीसाठी आहे. तुमच्या वरिष्ठांच्या डोक्यात कदाचित जुनाच आकडा असेल. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय करणे बंधनकारक आहे आणि दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊन येण्याची मुभा आहे. कामाचे स्वरूप तसे असेल तर रजेनंतर काही काळ घरून काम करण्याबद्दल दोघांच्या संमतीने ठरवता येते. हे सगळे तोंडी बोलू नका. तारखा घालून मनुष्यबळ विभागाला ईमेल लिहा आणि उत्तरही लेखीच घ्या. केकचे नंतर पाहू.

काजबटण

आणि पहिल्या चार महिन्यांत केकची ऑर्डर घेतली तर आम्हा सगळ्यांना इथे येऊन सांगावे लागेल, हेही लिहून ठेवा.

भाजणीवाली

डॉक्टरांच्या प्रतिसादानंतर बारा दिवसांनी लिहिते आहे. हिमोग्लोबिन ९.४ निघाले. फॅमिली डॉक्टरांनी पुढच्या तपासण्या करून औषध सुरू केले आहे आणि थायरॉइड ठीक आहे. ऑफिसात दीडचा चहा साडेतीनवर नेला. हिशेब विभागातल्या आणखी दोघींनी माझे पाहून रक्त तपासले, त्यांचे आकडे मी येथे लिहिणे बरे नव्हे.

नवऱ्याने चार दिवसांपूर्वी विचारले की यादीतले अख्खे काम कोणते घेऊ. दळणाची_पिशवी यांचा प्रतिसाद त्याने वाचलेला होता, हे त्याने नंतर कबूल केले. त्याने माल घरपोच करणे आणि त्याचे निरोप पाठवणे घेतले आहे. काल एका गिऱ्हाइकाला त्याने शेवेऐवजी भाजणी दिली आणि मला न सांगता स्वतःच परत जाऊन बदलून आणली. सासूबाईंचे निवडणे-टिपणे कमी करणे मात्र जमलेले नाही. तांदूळ निवडायला घेऊ नका म्हटले तर त्या दुपारी आम्ही नसताना निवडून ठेवतात, म्हणून आता निवडलेलाच तांदूळ आणतो आणि त्या तोही पुन्हा निवडतात.

काजबटणताईंनी सुचवल्याप्रमाणे आमच्या भागातल्या लाडू करणाऱ्या एका बाईंशी बोलले. त्यांना चकली करायची नाही आणि मला लाडू. येत्या दिवाळीची माझी यादी ४० किलो भाजणी आणि १५ किलो चकली एवढ्यावर बंद होईल, वसुबारसेच्या आदल्या दिवशी ओट्यावर कढई चढणार नाही. लाडवांसाठी जो विचारेल त्याला त्यांचा क्रमांक देईन. चकलीच्या भाजणीचे प्रमाण काही जणींनी निरोपातून विचारले आहे, ते असे : चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभरा डाळ, एक वाटी उडीद डाळ, अर्धी वाटी मूग डाळ, अर्धी वाटी पोहे, पाव वाटी धणे आणि दोन चमचे जिरे. पोहे सोडून धान्य व डाळी धुऊन सावलीत पूर्ण वाळवावे, प्रत्येक जिन्नस वेगवेगळा मंद आचेवर भाजावा आणि उडीद डाळीचा रंग बदलू लागताच उतरवावी, नाहीतर चकली कडवट होते.